दगडी हत्यारांशेजारी हाडेही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हातात भाला, समोर कोसळलेला हत्ती. आदिमानवाचे हे चित्र जीवशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षे मुलांना दाखवले. आता ते खुपते.

दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट गुहेत सापडलेल्या मोडक्या हाडांवरून शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी आपले पूर्वज हाडांची हत्यारे चालवणारे क्रूर शिकारी होते, असे मांडले होते. जीवाश्मांचे अभ्यासक सी. के. ब्रेन यांनी ते पडताळायला नामिब वाळवंटातील वस्त्या गाठल्या. लोकांनी बोकड खाऊन टाकलेली आणि मग कुत्र्यांनी चघळलेली हाडे त्यांनी गोळा केली, मोजली. टणक भाग उरले होते, मऊ टोके गायब होती. गुहेतही तोच प्रकार! म्हणजे ती हाडे हत्यारे म्हणून निवडलेली नव्हती, चघळून उरलेली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतील मानवकुळातील एका बालकाच्या कवटीवरच्या दोन भोकांत बिबट्याचे खालचे सुळे नेमके बसले. ज्याला आपण शिकारी म्हणत होतो, त्याचीच शिकार झाली होती.

मग माणसाने मांस खाल्ले हे कळते कसे? हाडावर दगडी पात्याचा चरा अरुंद असतो आणि त्याच्या आत बारीक समांतर रेघा दिसतात; दाताची खूण रुंद, गुळगुळीत. टांझानियातील ओल्डुवाईच्या हाडांवर १९८१ मध्ये हे चरे ओळखले गेले. काही हाडांवर तर दातांच्या खुणांवरून पात्याचा चरा गेलेला आहे, म्हणजे श्वापद आधी पोहोचले होते. शिकार माणूस पुढे करू लागलाच; जर्मनीत शोनिंगेनला घोड्यांच्या हाडांसोबत लाकडी भालेही मिळाले आहेत.

मला सर्वात भावते ते इस्रायलमधील केसेम गुहेचे संशोधन. मटणाची नळी आपण ताटातच फोडतो. तिथली माणसे हरणाच्या पायाची हाडे कातडीसकट राखून ठेवत आणि आतला मगज आठवड्यांनंतर खात. सुकलेली कातडी सोलताना उमटलेल्या वेगळ्या चऱ्यांवरून २०१९ मध्ये हे उलगडले. उद्याची तजवीक करणारी ही माणसे मुलांना का दाखवू नयेत?

गोदावरी-मांजरा खोऱ्यांत हत्ती, रानगुरांचे जीवाश्म सापडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा अभ्यासाची परंपरा आहे. शाळांनी, संग्रहालयांनी दगडी हत्यारांशेजारी चरे दिसणारी हाडे, निदान त्यांचे साचे आणि एक भिंग ठेवावे. आणि वाळू उपसताना एखादे जड, दगडासारखे हाड लागले, तर ते घासूनपुसून घरी नेऊ नये. जागेवरच फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे. धुताना एक चरा पुसला गेला, तरी तो परत मिळत नाही.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, पैठण