यंदाच्या हप्त्याबद्दल, आई-बाबांना

पुणे, १२ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "यंदाही टॅक्स वाचेल ना गं?" मी "बघते" म्हणून विषय बदलला. मग रात्रभर मनाला लागून राहिलं. तुमच्याशी असं बोलायला नको होतं, म्हणून हे पत्र.

यंदा काही वाचणार नाही.

तुमच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी भरायचा, हे तुम्ही त्यावर माझा कर वाचतो या एकाच गोष्टीवर कबूल केलं होतंत. दिवाळीत कपाटातून आईची शाल काढताना तुमची हिशेबाची डायरी हाताला लागली. "विमा हप्ता ५१,९२०" आणि त्याखाली लाल शाईने "मनूचा कर वाचला १५,६००". खाली दोन रेघा. ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यापोटी कलम ८०डी खाली ५० हजारांपर्यंत वजावट मिळते आणि माझ्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून नेमके तेवढेच वाचत होते. तुमचा आकडा रुपयानेही चुकला नव्हता. पण ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. यंदा सीएंनी दोन्हीकडून हिशेब मांडला, तर घराचं कर्ज धरूनही नव्या प्रणालीत माझा कर कमी बसतो. तिथे ८०डी नाही.

तुम्ही म्हणाल, नोकरीत होतीस तेव्हा ही कटकट नव्हती. खरंच नव्हती. तुम्ही सातपूरला कामाला असताना आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा कंपनीच्या विम्याचं कार्ड दाखवलं आणि काम झालं. तो हप्ता कंपनी भरायची आणि तो तुमच्या पगारात कधी धरला गेला नाही. नोकरदाराला आजही तसंच आहे. त्याने नवी प्रणाली घेतली तरी कंपनीने भरलेल्या हप्त्यावर त्याला कर लागत नाही. मी तेच काम कन्सल्टंट म्हणून करते, तर हप्ता माझ्या खिशातून, तोही कर भरून उरलेल्या पैशातून. व्यवसायाचा खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. घरच्यांचा विमा हा घरखर्चच. शिवाय नोकरदाराला दरवर्षी जुनी की नवी हे ठरवता येतं. मी एकदा नवीत परतले की हे काम चालू आहे तोवर जुनीत जाता येणार नाही. मला हे मुळीच पटत नाही. कंत्राटावर काम करणाऱ्यांच्या आई-वडिलांचं आजारपण काही स्वस्तात होत नाही.

आणि जावयांच्या खात्यातून भरायचं तुम्ही मागे सुचवलं होतं, त्याचाही उपयोग नाही. सासू-सासऱ्यांच्या हप्त्यावर जावयाला ही वजावट मिळत नाही.

आता मुद्द्याचं. "मग बंदच कर, आम्हाला काय होतंय" असं कृपा करून म्हणू नका. ही पॉलिसी डिसेंबर २०२३ मध्ये काढली, मी नोकरी सोडली त्या वर्षी. शेवटच्या दिवशी ऑफिसचं कार्ड परत केलं आणि त्याच रात्री तुमचं दोघांचं विम्याचं कवच संपलं, हे मी अजून विसरले नाही. अर्जात आईची शुगर आणि तुमचं बीपी आपण स्वच्छ लिहिलं होतं. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षं थांबावं लागतं, त्यातली दोन झाली. आत्ता खंड पडला तर नव्या पॉलिसीत ती वर्षं पहिल्यापासून मोजावी लागतील. सत्तरी झाली की पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमचं पुढच्या वर्षी जरूर काढू. पण आई चौसष्टची आहे. तिचं काय?

एक गोष्ट मात्र डायरीत लिहिण्यासारखी आहे. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. मागच्या वर्षीच्या ५१,९२० मध्ये ७,९२० रुपये निव्वळ जीएसटीचे होते. यंदा मूळ हप्ता ४४ हजारांवरून ४६ हजार झालाय, तरी एकूण ५,९२० रुपये कमीच लागले.

लागले म्हणते, कारण आज सकाळीच भरले. पावती मोबाइलवर पाठवलीये. आई, तिची प्रिंट काढून आण आणि साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीत दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्ससोबत ठेव. पिशवी वरच्या कप्प्यात नको, तुझा हात पोचेल तिथे ठेव. बाबा, सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत म्हणता, तर गोदापार्कला उजाडल्याशिवाय निघू नका. थंडीही आहे.

नाताळच्या सुट्टीत येतेय. येताना तुमची लाल रिफिल आणते.

तुमची,
मनू