कॅनिस्टर फिल्टरचा प्रवाह निम्म्याहून कमी. स्प्रे बार बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कॅनिस्टर फिल्टरच्या (माशांच्या टाकीबाहेर ठेवून तिचे पाणी गाळणाऱ्या डब्याच्या) खोक्यावर ताशी १२०० लिटर प्रवाह छापलेला आहे. त्या हिशोबाने १८० लिटरच्या टाकीतले पाणी तासाला साडेसहा वेळा फिरायला हवे. प्रत्यक्षात ते तीनदाच फिरते.

१० लिटरची खूण केलेली बादली घेऊन, नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरून वेळ मोजली (तोंड खाली धरले की सायफनमुळे, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढले गेल्याने, आकडा फुगतो). मीडिया (आतले गाळणारे स्पंज आणि रिंगा) आणि स्प्रे बार (पाणी टाकीत सोडणारी भोकांची नळी) दोन्ही काढल्यावर ३१ सेकंद लागले, म्हणजे ताशी सुमारे ११६० लिटर. धुतलेले स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्यावर ४५ सेकंद, म्हणजे ८००. इतकी घट समजण्यासारखी आहे. पण आपला स्प्रे बार लावला आणि वेळ ६७ सेकंदांवर गेली. उरले ५४०.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी फिल्टर ठेवलेल्या खालच्या कॅबिनेटपासून टाकीपर्यंतची उंची हे कारण सांगितले. ते लागू होत नाही. फिल्टरकडे पाणी नेणारी आणि परत आणणारी अशा दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि दोन्हींची तोंडे एकाच पातळीच्या पाण्यात असतात, त्यामुळे उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. पंपाला झगडावे लागते ते फक्त घर्षणाशी.

खरा दोष स्प्रे बारच्या भोकांत आहे. नळीचा आतला व्यास १६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिमी. बारला ३ मिमीची १२ भोके, सगळी मिळून जेमतेम ८५. पाणी कमी येते आणि तरी प्रत्येक भोकातून सेकंदाला पावणेदोन मीटरच्या वेगाने सुटते. समोरची व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पाती आडवी झाली आहेत, एंजल मासे पंख मिटून हीटरच्या आडोशाला उभे राहतात, आणि लाकडामागे पाणी हलतच नसल्याने तपकिरी गाळ साचतो. भोके ५ मिमीची केली तर क्षेत्रफळ २३५ होते. मग पाणी जास्त येऊनही धार सौम्य पडेल.

माहितीपत्रकातली एक सूचना तर घातक आहे. प्रवाह कमी करण्यासाठी फिल्टरच्या आत येणाऱ्या नळीची तोटी अर्धी बंद करायला त्यात सांगितले आहे. तसे केल्यावर इंपेलरला (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाला) पाणी अपुरे पडते, सांध्यांतून हवा ओढली जाते आणि मोटर खडखडू लागते. तोटी आवळायची ती नेहमी बाहेर जाणाऱ्या नळीची. नवीन ग्राहक ही सूचना वाचून चांगली मोटर खराब करून बसेल, म्हणून ती ताबडतोब दुरुस्त करावी.

५ मिमीच्या १२ भोकांचा स्प्रे बार १५ दिवसांत विनाशुल्क पाठवावा. ते शक्य नसेल तर फिल्टर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. खोक्यावर मीडिया भरलेल्या अवस्थेतला प्रवाहही छापावा. टाकीला किती प्रवाह लागेल हे ग्राहक त्याच आकड्यावरून ठरवतो.

सोबत : खरेदीची पावती, तिन्ही मोजमापांचे व्हिडिओ.

आपला,
एक ग्राहक