उन्हाळी मका: बियाण्याआधी खाचराकडे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाताची झोडणी उरकली की मुरबाड, शहापूर आणि भिवंडी तालुक्यांत जेथे कालव्याचे किंवा बंधाऱ्याचे पाणी पोहोचते, तेथे अलीकडे वाल-हरभऱ्याच्या जोडीने उन्हाळी मक्याचेही बोलणे ऐकू येते. २०२५-२६ या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला, कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल यांसाठी मागणी आहे, आणि कोवळी कणसे विकायची ठरवली तर वाशीची बाजार समिती आपल्या दारात आहे. मात्र हे बोलणे बहुतेक वेळा कोणते वाण आणि किती खत एवढ्यावर येऊन थांबते. मी नोकरीनिमित्त ठाण्यात स्थायिक झालो असलो, तरी मुरबाड तालुक्यातील वडिलोपार्जित भातजमीन भावासह अजून कसतो. आणि गेल्या काही हंगामांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्या भागात मका फसतो तो बहुधा उगवण्यापूर्वीच, म्हणजे जमिनीच्या मशागतीत आणि पेरणीच्या दिवशी.

भाताच्या खाचरात मका घेणे म्हणजे एकाच जमिनीकडे दोन उलट मागण्या करणे होय. चिखलणी करताना आपण मातीची कणरचना मुद्दाम मोडतो आणि पाणी झिरपून जाऊ नये म्हणून वीतभर खाली घट्ट थर बसू देतो. भाताला तो हवाच असतो. मक्याच्या मुळांना मात्र खोल, भुसभुशीत आणि हवा खेळती असलेली माती लागते, आणि रोपांच्या बुडाशी पाणी साचून राहिलेले त्यांना मुळीच मानवत नाही. त्यामुळे कापणीनंतर जमिनीत थोडी ओल शिल्लक असतानाच वीस ते पंचवीस सेंटिमीटर खोल नांगरट करून तो थर फोडणे आणि ढेकळे काही दिवस उन्हात तापू देणे हे पहिले काम ठरते. या नांगरटीचा आणखी एक लाभ आहे. २०१८ मध्ये आपल्या देशात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी कोषात जाते ती मातीतच, आणि उलथलेल्या मातीतून वर आलेले कोष पक्षी टिपतात किंवा उन्हाने मरतात.

प्रत्यक्षात बहुतेक खाचरांत काय होते? नांगरटीला फाटा देऊन थेट रोटाव्हेटर फिरवला जातो, कारण तो भाड्याने सहज मिळतो आणि तासाभरात शेत डोळ्यांना सुंदर दिसू लागते. वरची दहा-बारा सेंटिमीटर माती मऊ होते, खालचा थर तसाच राहतो. आणि जमीन ओली असेल तर त्याच पात्यांनी तो अधिकच लिंपला जातो. आमच्या खाचरात अशा पट्ट्यातील मका गुडघाभर होईपर्यंत हिरवागार होता, नंतर पाण्याची पाळी चार दिवस लांबली की दुपारी पाने सुरळी करून उभा राहू लागला. उपटून पाहिले तेव्हा मुळे त्या थरावर आडवी पसरलेली होती. शेणखताविषयी जाता जाता एवढेच म्हणतो की, हेक्टरी दहा-बारा टन कुजलेले खत नांगरटीनंतर पसरून कुळवाने मिसळावे असे सांगितले जाते. पण आपल्याकडचे बरेचसे शेण अजून राब भाजण्यात, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी जाळून तयार करण्यात, जाते, आणि मक्याच्या वाट्याला उरते काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

मशागतीतील सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे वाफसा, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी पेरणीजोगी ओल. कोरड्यात पेरून मग पाणी सोडले तर आपल्या चिकण मातीवर खपली धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडे होऊन मरतात. म्हणून आधी ओलवणीचे, म्हणजे पेरणीपूर्वी जमीन भिजवण्याचे, पाणी द्यावे, वाफसा येऊ द्यावा, हलका कुळव मारावा आणि मगच पेरावे. वाफसा ओळखण्याची आमच्या वडिलांची रीत साधी होती: बोटभर खालची माती मुठीत दाबून तिचा लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. लाडू फुटला तर पेरा. चपटा झाला तर घरी जा. आणि मुळात वळलाच नाही तर तुम्हाला उशीर झाला आहे.

उशिराचा मुद्दा आपल्याकडे आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. थंड देशांत वसंतात मका पेरणारे शेतकरी जमिनीचे तापमान दहा अंशांच्या वर जाण्याची वाट पाहतात. आपल्याला उबेची वाट पाहावी लागत नाही. आपली शर्यत पुढून येणाऱ्या उन्हाशी असते. तुरा आणि स्त्रीकेसर बाहेर पडण्याच्या दिवसांत तापमान पस्तीस अंशांच्या बरेच वर राहिले तर परागकण निकामी होऊ लागतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. जानेवारीच्या मध्यापासून पेरलेला मका साधारण मार्चमध्ये तुऱ्यावर येतो; फेब्रुवारीअखेर पेरलेला एप्रिलच्या उत्तरार्धात, जेव्हा बदलापूर-मुरबाड पट्टा पार तापलेला असतो. महिना-दीड महिन्याच्या दिरंगाईची किंमत अशी थेट कणसात दिसते.

आता पेरणीविषयी. देशावर पाभर आणि तिफण ही बैलांनी ओढायची पेरणीची अवजारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, चाड्यावर मूठ धरण्याचे, म्हणजे हाताने बी सारखे सोडत राहण्याचे, कसब घराघरांत होते. आपण ठाणे जिल्ह्यातील माणसे भात लावणारी. ओळीत, ठरावीक खोलीवर बी सोडण्याची आपल्याला सवयच नाही. त्यातून भाताविषयीची एक समजूत आपण नकळत मक्याला लावतो. भाताचा एखादा चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका, मेला तर शेजारचे चूड फुटवे काढून जागा भरतात. मका फुटव्यांवर चालणारे पीक नाही. एक ताट आणि त्याला एक कणीस, असा त्याचा हिशेब असतो, त्यामुळे मोकळी राहिलेली जागा शेवटपर्यंत मोकळीच राहते. दोन ओळींत पंचाहत्तर आणि दोन रोपांत वीस सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी सुमारे ६६ हजार झाडे बसतात, म्हणजे गुंठ्याला पावणेसातशेच्या आसपास. बियाणे चार ते पाच सेंटिमीटर खोल पडले पाहिजे आणि खत त्याच्या बाजूला व किंचित खाली, बियाला न चिकटता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आणले. चालकाला दुसऱ्या गावी जायचे असल्याने त्याने वेगात काम उरकले. दहाव्या दिवशी पाहतो तो एका ठिकाणी तीन-तीन रोपे आणि पुढे हातभर काहीच नाही. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकले, पण मागून उगवलेली रोपे शेजारच्यांच्या सावलीत राहिली आणि त्यांना कणसे धरलीच नाहीत. पुढच्या वर्षी तेच यंत्र आले तेव्हा अंगणात ताडपत्री अंथरून, चाक उचलून, हाताने फिरवले. चाकाचा घेर सव्वा मीटर होता. म्हणजे आठ फेऱ्यांत दहा मीटर अंतर आणि प्रत्येक नळीतून पन्नास दाणे पडायला हवे होते. पडले एकतीस. आत दाणे मोजून सोडणारी तबकडी निराळ्याच पिकाची होती. ती बदलून घेण्यास अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसाने आमचा हंगाम वाचवला.

पाच-सहा गुंठ्यांच्या, बांधांनी वेढलेल्या खाचरांत मोठ्या ट्रॅक्टरचे यंत्र वळवण्यातच जागा आणि वेळ जातो, आणि कोपरे शेवटी हाताने टोकावेच लागतात. म्हणून शासकीय अनुदानावर चालणाऱ्या अवजारांच्या भाडेकेंद्रांत पॉवर टिलरला जोडता येणारी दोन ओळींची पेरणी यंत्रे, मक्याच्या तबकड्यांसह आणि शेतकऱ्यासमोर वरीलप्रमाणे तपासून, उपलब्ध व्हावीत, अशी माझी कृषी विभागाला विनंती आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यांची प्रात्यक्षिके सपाट प्रक्षेत्रावर न दाखवता प्रत्यक्ष भातखाचरांत दाखवावीत.

दुसरी विनंती पाटबंधारे खात्याला आहे. कालव्याचे पहिले आवर्तन, म्हणजे पाण्याची पहिली पाळी, कधी सुटणार हे डिसेंबरच्या मध्यापर्यंत जाहीर झाले तर ओलवणी, वाफसा आणि पेरणी यांचे दिवस आधी ठरवता येतील. आज पाणी आल्यावर मशागतीची धावपळ सुरू होते, आणि चिखलातच रोटाव्हेटर घालण्याचे खरे मूळ तेथे आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच खात्याकडे मागता येणार नाही. भात निघाले की गुरे मोकळी सोडण्याची आपली जुनी प्रथा आहे, आणि सगळ्या शिवारात एकट्याचेच हिरवे खाचर असेल तर कितीही कुंपण घातले तरी ते टिकत नाही. आमच्या वाडीत यंदा सात जणांनी लागून असलेली खाचरे एकाच आठवड्यात पेरायची आणि राखणीला एक माणूस वर्गणीतून ठेवायचा, असे ठरले आहे. नांगरट झाली आहे. पाण्याची तारीख अद्याप कळलेली नाही.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे