बस्ता सोडण्याआधी

परभणी,
रात्रीचे पावणेबारा

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आपल्या घरातल्या पदांच्या बाडाच्या, म्हणजे शिवलेल्या हस्तलिखित वहीच्या, रुमालात सापडेल. म्हणजे गाडी पूर्णा ओलांडून गेलेली असणार, कारण डब्यात कोण काय खातंय ते बघून झाल्याशिवाय तू बाड काढायची नाहीस.

जेवताना झालं त्याबद्दल लिहायला बसलो नाही. "नाना, तुम्ही मला अजून सहा वर्षांचीच समजायलात," म्हणालीस आणि ताट घेऊन उठलीस. मीही बोललो ते बरं नव्हतं. तुझ्या दम्याचा विषय या पत्रात काढणार नाही. पणजोबांचे कागद शोधायला हैदराबादला चाललीस, त्या कामाचं तेवढं लिहितो. फोनवर तुला घाई असते आणि मला ऐकू कमी येतं.

बाड एका माणसाचं नाही, हे आधी ध्यानात घे. पहिली बहात्तर पानं पणजोबांच्या हातची. मोडी, बोरूनं लिहिलेली, शाई काजळाची. कागद हातकागद, बहुधा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. उजेडात धरलास तर गवताच्या जाळीच्या रेघा वेड्यावाकड्या दिसतील. ती शाई शंभर वर्षांनीसुद्धा काळी कुळकुळीत राहते, पण ओल्या बोटाला लगेच सुटते. बोटाला थुंकी लावून पान उलटायची आपल्या घरातली सवय इथं चालणार नाही. त्र्याहत्तरपासून अक्षर बाळबोध, म्हणजे देवनागरी, होतं, टाकाचं, आणि शाई तपकिरी पडलेली आहे. ती लोखंडी शाई. ती कागद आतून खाते, म्हणून ती पानं दुमडायची नाहीत, एका हातानं उचलायची नाहीत. दुसऱ्या हाताचं अक्षर तात्यांचं नाही असं काकू म्हणते, आहे असं मी म्हणतो. तो वाद तू मिटव.

फोटो पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत काढ, कोरी पानं धरून. शेजारी पट्टी ठेव, फ्लॅश नको, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ दे म्हणजे पुसलेल्या अक्षरांच्या खाचा दिसतात. मागच्या पानावर उधारीचा हिशेब आहे तो सोडू नकोस. पदांपेक्षा उधारीत माणसांची नावं जास्त सापडतात. आणि फाटलेल्या कडेला सेलोटेप लावायची नाही, कितीही मोह झाला तरी.

आता पदांचं. प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल" लिहून पुढं दुसऱ्या पदाचे दोन-तीन शब्द आहेत. तू त्या ओळी सोडून पदं टाइप करत होतीस, म्हणून मी तेव्हाही ओरडलो होतो. साल लागतं ते त्या ओळीवरून. ज्या पदाची चाल घेतली ते पद आधीचं, एवढा साधा हिशेब. शाकुंतल किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलं १८८० साली. त्यातल्या पदाची चाल पान १९ वर दिलेली आहे, म्हणजे पान १९ त्याच्या आधीचं नाही. अशी प्रत्येक चाल शोधून वहीत एक रकाना कर. एकेक साल पुढं सरकत जाईल. कुठं एकदम मागं गेलं तर एक तर जुनीच चाल घेतलेली असते, नाहीतर पानं शिवताना उलटसुलट झालेली असतात. शिवणीचा दोरा तिथंच बघ. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे कवीनं गुंफलेलं स्वतःचं नाव, तेही टिपून ठेव. दासगणूंची मुद्रा दुसऱ्या हाताच्या पानांत चार वेळा आहे, पहिल्या हातात एकदाही नाही.

पान ६० ते ६८ वर नोटेशन, म्हणजे स्वरलेखन, आहे, आणि तिथं आपल्या सगळ्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या चूक केली. पणजोबांचा आवाज तार सप्तकाच्या पंचमापर्यंत जायचा म्हणतात ना, ते या नऊ पानांमुळं. स्वरलेखनाच्या पद्धती दोन, भातखंड्यांची आणि पलुस्करांची. सगळ्यांनी स्वरावरचं टिंब भातखंडे पद्धतीनं वाचलं. भातखंड्यांत वरचं टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक, आणि खालचं म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. पण हे लेखन पलुस्कर पद्धतीचं आहे. तिथं वरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार दाखवायला स्वरावर उभी रेघ असते. कोमल स्वराला भातखंड्यांत खाली आडवी रेघ, इथं पाय मोडलेला आहे, बघ. म्हणजे आपले पणजोबा खर्जातले. काकूला हे सांगताना जरा सांभाळून सांग.

तालाच्या खुणांत तर याहून मोठा घोटाळा होतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, खाली म्हणजे टाळी न देता हात सोडायची जागा. भातखंड्यांत समेवर फुली आणि खालीला शून्य. पलुस्करांत समेवर १ आणि खालीला अधिकची खूण. हातानं लिहिलेली फुली जरा कलली की अधिक होते आणि सम जाऊन पडते खालीवर. म्हणून आधी ओळीत १ कुठं आहे ते शोध, खूण नंतर वाच. पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं १९०१ मध्ये, मुंबईला आले १९०८ मध्ये. तेव्हा ही नऊ पानं विसाव्या शतकातली, आणि शिकवणारा कुणीतरी त्या परंपरेतला. तो पणजोबांकडं अंबाजोगाईला कसा आला, हे मला मरायच्या आधी कळलं तर बरं.

असं लिहायला नको होतं. तुझी आई वाचेल.

बाडात मध्येच शिवलेलं सोळा पानी छापील पुस्तक आहे, मुखपृष्ठ नसलेलं. त्याचं साल डिरेक्टरीवरून, म्हणजे दुकानं-पत्त्यांच्या जुन्या छापील पुस्तकावरून, निघेल. मागच्या पानावर काळबादेवीच्या एका बाजाच्या पेटीवाल्याची जाहिरात आहे, घर नंबरासकट. थॅकरची डिरेक्टरी दरवर्षी निघायची, टाइम्स ऑफ इंडियाची मुंबईची वेगळी. बऱ्याच अंकांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. दुकान त्या नंबरावर कोणत्या साली पहिल्यांदा दिसतं आणि कोणत्या साली हलतं, ती दोन सालं काढ. पुस्तक त्यांच्या मधलं. दोन्हीकडं एक-दोन वर्षं ढील ठेव, कारण डिरेक्टरी वर्षाच्या सुरुवातीला यायची आणि मजकूर आदल्या वर्षीचा असायचा. बंद पडलेलं दुकानसुद्धा दोन-दोन वर्षं छापत राहायचे. स्कॅनमध्ये शब्द टाकून शोधत बसू नकोस. जुना टाइप मशीनला नीट वाचता येत नाही. रस्त्याचं पान उघड आणि बोट ठेवून खाली उतर.

आपल्याकडची साधी माणसं थॅकरमध्ये मिळायची नाहीत. निजामाच्या मुलखाच्या पानांवर अंमलदार, साहेब लोक आणि पेढ्या, एवढंच. तेही स्पेलिंग बघून: जालना "जौलना", बीड "भीर", नांदेड "नांदेर", आणि अंबाजोगाई शोधायची तर मोमिनाबाद. छापील पुस्तकाला मात्र आणखी एक वाट आहे. १८६७ च्या कायद्यानं इंग्रजी मुलखात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर छापखान्याचं नाव-ठिकाण घालावं लागे आणि सरकारात नोंद व्हायची. मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्यांत नाव, पानं, प्रती, किंमत सगळं असतं. सोळा पानं, मराठी, पदं, एवढ्यावरसुद्धा यादी गाळून बरीच आखूड होते. निजामाच्या हद्दीत छापलेलं त्यात नसणार.

आता ज्यासाठी तू चाललीस ते. पणजोबांच्या हातची शेवटची तारीख पान ७२ वर: शके १८४०, कालयुक्तनाम संवत्सर, भाद्रपद वद्य. शकात ७८ मिळव, १९१८. पुढच्या पानावर दुसरा हात. त्या आश्विनात मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, होती. घरात सगळे म्हणतात तिच्यातच गेले, छाती भरून. कागद तसं म्हणत नाही. कागद फक्त थांबतो. पण ताई, आपल्या घरात छाती कच्चीच आहे. पणजोबा, मग तात्या, मग तू. नाही, नाही लिहीत.

हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरात, गेल्यावर मृत्यूची नोंद मागू नकोस, विरासत, म्हणजे वारसाची फाईल, माग. देवळातल्या गाण्याच्या सेवेबद्दल आपल्याला खिदमतमाश इनाम होतं. इनामदार वारला की अतियातकडं, म्हणजे इनामांच्या खात्याकडं, विरासतीची चौकशी चालायची आणि फाईलमध्ये शजरा, म्हणजे वंशावळ, लागायचा: वारस कोण, नातं काय, वय काय. एका शजऱ्यात चार पिढ्या मिळून जातात. साल फसलीत, म्हणजे निजामाच्या सरकारी सालात, सांगावं लागेल. निजामाचं फसली १ आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या सहा तारखेच्या सुमाराला बदलायचं. तिथून डिसेंबरअखेर ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबर ५९१. भाद्रपद गेला १३२७ मध्ये आणि आश्विनाचा बहुतेक भाग १३२८ मध्ये. दोन्ही साल माग, आणि तिथंही थांबू नकोस. विरासत रेंगाळायची, पुढची दहा सालं तरी बघून घे.

आडनावावर शोधू नकोस. नाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, कौम म्हणजे जात, मौजे म्हणजे गाव, तालुका, असा क्रम असतो. आडनाव असलं तर असलं. उर्दूत ण नाही, ळ नाही, म्हणून गणपतचा गनपत आणि काळेचा काले होतो. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. शिकस्ता, म्हणजे धावत्या, अक्षरात कारकून नुक्तेही, अक्षरांवरची टिंबं, गाळतो, मग ब, प, त एकच दिसतात. आकडे सियाकमध्ये, म्हणजे हिशेबाच्या जुन्या खुणांत, असतील, ते वाचायच्या भानगडीत पडू नकोस, फोटोची परवानगी असेल तर फोटो, नसेल तर जसं दिसतं तसं चित्र काढून आण. फाईल नाही म्हणाले तर क्रमांक आणि फसली साल उतरवून घे. मुंतखबची, म्हणजे इनामाच्या निकालाची, प्रत इकडं कलेक्टर ऑफिसात इनामाच्या कागदांत निघू शकते.

शिसपेन्सिल ने, पेन नको. आणि बस्ता, म्हणजे रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कसा सोडायचा ते मात्र लिहिणारच, कारण तो कामाचा भाग आहे. बस्ता टेबलावर आडवा ठेवायचा, मांडीवर नाही. गाठ सोडून रुमालाची पलीकडची बाजू आधी उघडायची, म्हणजे धूळ पलीकडं जाते. वाकायचं नाही. पंख्याखाली बसायचं नाही. कागद झटकायचे नाहीत, मऊ कुंचल्यानं कण्यापासून कडेकडं लोटायचं. क्रम बदलायचा नाही. उपडा कागद उपडाच ठेवायचा. पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली की मिटायचं आणि परत द्यायचं, त्यात शजरा असला तरी. पूर्वी बस्त्यांत किड्यांची पावडर टाकायचे, ती अजून घड्यांत असते. कापडी मास्क तिला अडवत नाही. एन-९५ लागतो, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. तासाला एकदा बाहेर हवेत जाऊन यायचं.

बघ, आलाच विषय. माफ कर.

तुला पहिल्यांदा धाप लागली ती आषाढातल्या रात्री. रिक्षा मिळेना. तुला खांद्यावर उभी धरली होती, आडवी केली की घुसमटायचीस. काय करावं सुचेना म्हणून पान ४१ वरचं पद म्हणत राहिलो, दवाखान्याच्या दारापर्यंत. तू श्वास घेत होतीस त्याची लय आणि पदाची लय जुळत नव्हती, मग मीच पद तुझ्या लयीत ओढलं. तेव्हापासून मला ते तसंच येतं. खरी चाल कोणती, आता आठवत नाही. पान ४१ वर चालीचे शब्द कसरीनं खाल्लेत, फक्त शेवटचं "रे" उरलंय. ते कुठल्या पदाचं "रे" आहे, तेवढं शोधता आलं तर बघ. घाई नाही.

मोडी तुला माझ्याहून बरी येते. हे आईला मी सांगितलंय, तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझे,
नाना

ता. क. धपाट्यांच्या डब्याखाली फडक्यात दुसरा स्प्रे आहे. आईनं ठेवलाय. पहिला बॅगेच्या आतल्या कप्प्यात नको, अंगावरच्या खिशात ठेव, असं तीच म्हणत होती.