बाद केलेले तीन नमुने

रत्नागिरी,
२६ जुलै

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिलेली नाही आणि फोन झाले तेही दोन्ही वेळा तूच केलेस, हे मान्य आहे. आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत; आईचा खोकला पावसाबरोबर आला, पावसाबरोबर जाईल. आज लिहायला बसलो त्याचे कारण असे, की गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक नमुना तुटला, आणि त्याचे मला काय झाले हे तुझ्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी डब्ल्यूई ४३ च्या, म्हणजे हाडाच्या पट्ट्यांसाठीच्या आपल्या त्या विरघळणाऱ्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या, सळीवर फटीगच्या चाचण्या करते आहे: भार पुन्हा पुन्हा देत राहायचा आणि सळी कधी तुटते ते पाहायचे. शरीरद्रवासारखे द्रावण, तापमान ३७ अंश, आणि वेग तू म्हणायचास तोच, सेकंदाला एक आवर्तन. (होय, एक. हे वाक्य पुन्हा वाचून घे, मी ते दुसऱ्यांदा लिहिणार नाही.) आपण पन्नासाच्या वेगाने फिरवत होतो तेव्हा एक कोटी आवर्तने अडीच दिवसांच्या आत उरकत, आता तेवढ्यालाच ११६ दिवस लागतात. तेव्हा तू म्हणाला होतास, की माणूस पन्नासाच्या वेगाने चालत नाही, आणि यंत्र पळवले की गंजाला काम करायला वेळच मिळत नाही. मी म्हणालो होतो, की शिष्यवृत्ती दोनच वर्षांची आहे. दोघांचेही खरे होते, हे मी आजही सोडणार नाही.

तर मंगळवारी रात्री वादळात फणसाची फांदी तारांवर पडली आणि गेलेली वीज गुरुवारी सकाळी आली. बुधवारी रात्री मी बॅटरी घेऊन प्रयोगशाळेत गेलो. यंत्र निपचित होते, पंप बंद होता, आणि काचेच्या कक्षात त्या सळीवरून बुडबुडे मात्र अगदी सावकाश वर येत होते. विरघळणाऱ्या एका ग्रॅम मॅग्नेशियममागे जवळजवळ लिटरभर हायड्रोजन, हा तोंडी परीक्षेत तुला अचूक आलेला आणि मला न आलेला हिशेब तिथे अंधारात उभ्या उभ्या आठवला. वीज आल्यावर चाचणी पुढे सुरू केली आणि तो नमुना त्याच भारावरच्या आपल्या भावंडांच्या कितीतरी आधी तुटला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर भेगेचा उगम गंजाने पडलेल्या एका खड्ड्याच्या तळाशी होता. संध्याकाळी तिच्या वहीत पाहिले, तर त्या नमुन्यापुढे तिने नीट अक्षरात ‘बाद’ असे लिहून ठेवले होते.

मी तिला काहीच बोलू शकलो नाही, कारण बारा वर्षांपूर्वी तोच शब्द, तशाच रकान्यात, तुझ्या वहीत माझ्या अक्षरात पडलेला आहे. एकदा नव्हे, तीनदा.

तू तेव्हा म्हणाला होतास, की यंत्र थांबले म्हणून नमुना बाद होत नाही. रुग्णही रात्री झोपतो, आणि तो झोपला म्हणून त्याच्या पायातला धातू विरघळायचा थांबत नाही. त्यावर मी तुला तत्त्वज्ञ म्हटले, आणि आपण तीन आठवडे वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहा प्यायलो. ते तीन ठिपके वगळल्यावर आलेख फार देखणा आला. तो अजूनही माझ्या खोलीत फळ्याशेजारी लावलेला आहे, आणि खरी पंचाईत तिथेच झाली आहे.

इथल्या एका तरुण अस्थिशल्यविशारदाला या विषयाचा ध्यास लागला आहे. पोलादाचा ताठपणा २०० गिगापास्कल, मॅग्नेशियमचा ४५ आणि हाडाचा २० च्या आसपास, म्हणजे पोलादी पट्टीसारखे सगळा भार स्वतः उचलून हाडाला रिकामे बसवून ठेवणारे हे प्रकरण नव्हे, हे ऐकून तो हरखून गेला. युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळालेला मॅग्नेशियमचा स्क्रू त्याला ठाऊक आहे. पण त्याला पायाच्या नळीच्या हाडासाठी पट्टी हवी आहे, जिच्यावर प्रत्येक पावलाला भार येणार. परवा त्याने आपल्या आलेखाच्या शेवटच्या सपाट भागावर, म्हणजे ज्या भाराखाली नमुना तुटत नाही असे दिसते तिथे, बोट ठेवले आणि विचारले, “सर, डिझाइनला हाच आकडा धरू या ना?”

त्याला काय सांगू? डब्ल्यूई ४३ ची ही न तुटण्याची मर्यादा हवेत ११० मेगापास्कल असते, ती द्रावणात ४० वर येते, हे २०१० च्या त्या शोधनिबंधापासून आपल्याला पाठ आहे, आणि ते त्यालाही सांगितले. पण तो ४० चा आकडाही अखंड फिरणाऱ्या यंत्राचा आहे. विश्रांती घेणाऱ्या, कुबड्यांवर चालणाऱ्या, मध्येच चार दिवस तापाने पडून राहणाऱ्या माणसाचा आकडा कुठला? विद्यार्थिनीचे म्हणणे, की पंप बंद पडल्याने द्रावण साचले, शरीरात तसे साचत नाही, म्हणून हा नमुना धरता येणार नाही. मुलगी हुशार आहे. पण साचलेल्या द्रावणाचा पीएच वाढतो आणि त्याने गंज उलट मंदावायला हवा. तरीही नमुना लवकर तुटला, याचा अर्थ तुझी बाजू अधिकच भक्कम होते. मला हे लिहिताना आनंद होत नाही.

शेजारच्या तांडेलांना मी गमतीने हे सांगितले. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात त्यांची बोट मिरकरवाडा बंदरात उभी आहे. ते म्हणाले, “धावती बोट शाफ्ट झिजवते, उभी बोट शाफ्ट खाते.” तुझ्या प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणाला इतके छोटे करता आले असते, हे तेव्हा कळले असते तर टंकलेखनाचे पैसे वाचले असते.

आईला मात्र मूळ कल्पनाच पटलेली नाही. हाड जुळल्यावर विरघळून जाणारी पट्टी म्हणजे लग्न लावून निघून जाणारे भटजी, असे मी तिला समजावले, तर ती म्हणाली, “आणि अंतरपाट धरलेला असतानाच उठून गेले तर?” साऱ्या विषयातला नेमका प्रश्न तिने पोळ्या लाटता लाटता विचारला. लॅम्बॉट या शल्यविशारदाने १९०६ च्या सुमारास बसवलेली मॅग्नेशियमची पट्टी आठ दिवसांत उठून गेली होती; आजच्या मिश्रधातूची पट्टी तशी जाणार नाही, हे नक्की. पण हाड भार उचलायला लागेपर्यंत दहा-बारा आठवडे ती बसून राहील, असे मी माझ्या सहीने लिहून द्यावे का?

सध्या डॉक्टरांना मी “थोडे थांबा” एवढेच म्हटले आहे, आणि आलेख भिंतीवरून काढलेला नाही. काढला तर का काढला ते सांगावे लागेल, आणि ते सांगताना तुझे नाव घ्यावे लागेल. तुझी हरकत आहे का, ते कळव. शिवाय ती तपकिरी पुठ्ठ्याची वही तुझ्याकडे असेल, तर सगळ्या पानांचे फोटो पाठव; माझे ‘बाद’ दिसणारी पाने वगळू नकोस. त्या तिघांची आवर्तने किती झाली होती आणि यंत्र किती तास बंद होते, एवढे तू नक्की टिपले असशील. तू सगळेच टिपायचास.

तुझ्या बदलीचे काय झाले? काकूंचे गुडघे कसे आहेत? धाकटीचे बारसे हुकले, त्याबद्दल वहिनींना मी वेगळे लिहीन. देवगडच्या हापूसचा विषय या पत्रात मुद्दाम काढत नाही. एका पत्रात एकच हार पुरे.

तुझा,
माधव

ता. क. पत्र संपवता संपवता वीज पुन्हा गेली आहे. कक्षात दुसरा नमुना आहे. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटे, अशी वेळ टिपून ठेवली आहे.