नागपूरच्या महाल भागातल्या काकूंना, बरणीबद्दल

काकू, सा. नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितो आहे, कारण फोनवर आभार मानले तर "काय बाप्पा, परक्यासारखा बोलून राहिला" म्हणून तुम्ही फोन ठेवून द्याल. शिवाय परवा कोजागिरीला चार मित्रांनी तंबाखू छान मुरली म्हणून माझी जी वाहवा केली, ती मी मुकाट्याने खिशात घातली. ती तुमची होती. नातवाकडून हे वाचून घ्या.

मामेभावाने अमेरिकेहून आणलेले ते दोन डबे आठवतात? तुम्ही ज्याला 'श्रीमंतांचा खर्रा' म्हणालात ते. कॅन्सस सिटीची मॅक्लेलँड कंपनी 'ख्रिसमस चिअर' नावाची पाइपची तंबाखू वर्षातून एकदाच काढायची, डब्यावर साल छापून. आत नुसतं व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचं पान, दाबून कापलेल्या पातळ चकत्या. २०१८ मध्ये कंपनीच बंद पडली, त्यामुळे आता ती मिळायची म्हणजे कोणाच्या तरी जुन्या साठ्यातच. पण २०१७ च्या मे महिन्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जपून ठेवायचं एवढंच कळत होतं, आणि ते मी नेमकं उलटं केलं.

एक डबा वरच्या खोलीत कपाटावर, स्लॅबच्या खाली हातभर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, बाहेर पारा पंचेचाळिशीला, मग त्या स्लॅबखाली काय असेल! झाकण फुगलं, सील सुटलं, आणि महिन्याभराने आतली चकती बोटांत घेतली तर पाचोळ्यासारखी चुरली. दुसरा डबा 'थंड राहील' म्हणून मी कूलरसमोर ठेवला होता. कडांना गंज धरायला लागला तेव्हा घाबरून तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लोणचं ठेवतोस का रे कूलरसमोर?"

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. कूलर खोली गार करतो ती हवा ओली करूनच, आणि ओल आली की आज गंज, उद्या बुरशी.

मग तुम्ही रबराचं कडं असलेली काचेची बरणी काढलीत. गरम पाण्याने धुतली, दोन दिवस गच्चीवर उन्हात पालथी घातली, कोरड्या हाताशिवाय आत काही जाऊ दिलं नाही. चकत्या मोडू न देता भरल्यात आणि वर चिठ्ठी लावलीत: 'ज्येष्ठ, शके १९३९'. बरणी कोठीच्या खोलीत, जुन्या तांदळाच्या पिंपामागे, दोन हात जाड मातीच्या भिंतीच्या कुशीत. "आता सारखं उघडून हुंगायचं नाही." ही अट सगळ्यात अवघड होती. सुरुवातीला मी दर रविवारी काहीतरी निमित्त काढून कोठीत डोकवायचो, हे तुम्हाला कळत होतं ना?

घरात ओढायचं नाही ही तुमची दुसरी अट, आणि 'चिलीम कमी कर' हे तिसरं पालुपद. तुमचं खरंच आहे. तंबाखू कितीही दुर्मिळ असो, शरीराला ती तंबाखूच. आता आठवड्यातून एकदा, शनिवारी, एवढ्यावर आणली आहे.

पण आभार खरे मानायचे आहेत ते नाकाचे. इंग्रजी डब्यांवर वास-चवींची जी वर्णनं असतात ती वाचून मी वर्षानुवर्षं मान डोलवत होतो. त्यातली निम्मी फळं मी कधी खाल्लेलीसुद्धा नाहीत. तुम्ही ओढत नाही, पण माझ्या बाकीच्या तंबाखूंचीही एकेक बरणी उघडून हुंगलीत आणि सांगत गेलात. सायप्रसची लॅटकिया तंबाखू धुरी देऊन तयार करतात, हे मी सांगायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "हे तर तुराट्यांवर भाजलेलं वांगं." अमेरिकेतल्या लुइझियानाचं पेरीक, तीही तंबाखूच, पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन्‌महिने मुरवतात, त्याला तुम्ही "मुरांब्यात मिरं घातलं का कोणी?" असं विचारलंत. आणि मॅक्लेलँडला "चिंचगूळ, जरा आंबलेला". तिकडचे जुने शौकीन या कंपनीच्या डब्यातून व्हिनेगरचा, टोमॅटो सॉसचा वास येतो असंच म्हणत आलेत. चिंचगूळ त्याहून बरोबर वाटतं मला. तेव्हापासून माझ्या वहीत सगळे शेरे तुमच्या स्वयंपाकघरातले.

कोजागिरीला मनीषनगरच्या फ्लॅटवर ती बरणी उघडली. चकत्या तपकिरीच्या काळपट झालेल्या, वर बारीक चकाकणारे कण. चिंच जवळजवळ गेली होती, जुना गूळ तेवढा उरला होता, आणि धूर जिभेला चावत नव्हता. व्हर्जिनियात मुळात साखर जास्त, म्हणून ती अशी मुरते. सोबतची लॅटकियाची बरणी तेवढ्याच वर्षांची, पण तिचं वांगं फिकं पडलेलं. धुराचा वास वर्षांनी वाढत नाही, विरतो. ती दोन वर्षांतच संपवायला हवी होती. व्हॅनिला-चेरीच्या सुगंधी तंबाखूची तुम्ही म्हणालात तीच गत, "एसेन्सचं सरबत, ठेवलं काय नि प्यायलं काय."

एका मित्राने विचारलं, इतकी छान कशी राहिली, वाइन ठेवायचं कपाट घेतलंस का? मी नुसता हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढच्या रविवारी येतो. ख्रिसमस चिअरची बरणी धुऊन, वाळवून आणतो. तिच्यात लिंबाचं लोणचं खुशाल घाला. लॅटकियावाली मात्र परत मागू नका. तीनदा उन्हात ठेवली, रबराला अजून वांग्याचा वास येतो.

तुमचा,
वरच्या खोलीतला जुना भाडेकरू