एक्झिट पोलला साक्षीला उभं करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एक्झिट पोलमध्ये पुढे असलेला उमेदवार मोजणीत पडला, म्हणजे घोटाळा झालाच, असं तू ठासून लिहिलंयस. घोटाळे होतच नाहीत असं मी कशाला म्हणू? पण एक्झिट पोलला साक्षीला उभं करू नकोस. उलटतपासणीत तो पहिल्याच प्रश्नाला गडबडतो.

2004 ची अमेरिकेतली निवडणूक घे. केंद्राबाहेरच्या पाहणीत डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी पुढे आणि मोजणीत रिपब्लिकन जॉर्ज बुश विजयी. तेव्हाही असाच गदारोळ उठला. मग पाहणी करणाऱ्यांनीच जानेवारी 2005 मध्ये आपली चूक तपासून अहवाल दिला. मत देऊन बाहेर येणाऱ्यांपैकी ठरावीक अंतराने एकेकाला गाठून फॉर्म द्यायचा, अशी पद्धत. पण समोरचा 'नको' म्हणून चालू लागला तर काय करणार? बुश यांच्या मतदारांपेक्षा केरींचे मतदार फॉर्म भरायला जास्त राजी असावेत, असा निष्कर्ष निघाला. मुलाखत घेणारं पोरगं तरुण असेल किंवा त्याला दारापासून लांब उभं केलं असेल, तिथे तफावत आणखी वाढलेली. म्हणजे बघ, कोण कुठे उभं होतं यावरही आकडा हलतो! त्याच वर्षी भारतातही बहुतेक एक्झिट पोलनी भाजपच्या रालोआला पुढे दाखवलं होतं आणि सरकार आलं काँग्रेसच्या संपुआचं.

आणि ते 'तीन टक्के इकडेतिकडे' प्रकरण. हजार जणांना विचारलं तर प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत साधारण तीनची चूक धरतात. दोघांमधल्या आघाडीत ती जवळजवळ दुप्पट होते. वाहिन्यांवर हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर चर्चा कशावर करणार?

तुझा दुसरा मुद्दा, 'एवढ्या लोकांना शंका आहे, म्हणजे काहीतरी असणारच.' प्यू रिसर्च सेंटर या पाहणी संस्थेने अमेरिकेतल्या मतदारांना विचारलं होतं, निवडणूक नीट पार पडली का? ट्रम्प यांच्या मतदारांपैकी 2020 मध्ये 21 टक्के 'हो' म्हणाले, 2024 मध्ये 93 टक्के. चार वर्षांत यंत्रणा काही एवढी सुधारली नव्हती. आपला माणूस निवडून आला, एवढंच. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे 2020 मध्ये बायडेन आणि 2024 मध्ये हॅरिस यांच्या मतदारांचं, 'हो' 94 वरून 84 वर आलं. हरलेल्यांना शंका येतेच, पण 2020 मधल्या ट्रम्प यांच्या मतदारांइतके खाली ते घसरले नाहीत, हेही नोंदव.

मग शंका घ्यायचीच नाही? घे की, पण कागदावर घे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 2017 पासून राज्यभर निकालानंतर काही मतपत्रिका चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून हाताने तपासतात. लढत जितकी अटीतटीची, तितक्या जास्त मतपत्रिका. खात्री पटेना तर सगळ्याच मोजायच्या. भारतात 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्रातून निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजून यंत्रातल्या मतांशी ताडतात. फरक निसटता असो की लाखाचा, पाच म्हणजे पाच. हे मला पटत नाही, आणि भांडायचंच असेल तर इथे भांडायला मी तुझ्याबरोबर आहे.

तू म्हणतोस त्या पाहणीचा मूळ अहवाल मिळाला तर पाठव. किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, तो आकडा आधी शोध. बहुधा छापलेलाच नसेल.

तुझाच,
मित्र